बिघाड दिसतो वर, असतो खाली: हायपरव्हायजरच्या आत हायपरव्हायजर चालवताना

सेनगावसारख्या तालुक्याच्या गावात राहून क्लाउड आणि सर्व्हरचे काम शिकू पाहणाऱ्या मुलामुलींकडे बहुधा एकच यंत्र असते: आठ जीबी, फार तर सोळा जीबी रॅमचा लॅपटॉप. त्यावर विंडोज आधीपासूनच असते. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन टाकायचे, त्यात लिनक्सचे एक आभासी यंत्र उभे करायचे, इथपर्यंत सगळे सुरळीत होते. मग पुढचा धडा सांगतो की आता या लिनक्समध्ये केव्हीएम चालवा, प्रॉक्समॉक्सचे दोन नोड उभे करा, किंवा ईएसएक्सआय बसवून पाहा. म्हणजे एका हायपरव्हायजरच्या, आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पोटात दुसरा; यालाच नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. घोडे अडते ते इथे. कधी पडद्यावर ओळ येते की या यंत्रावर व्हीटी-एक्स उपलब्ध नाही. कधी कसलीच ओळ येत नाही, आतले यंत्र चालू होते, पण इतके मंद चालते की काम करणेच शक्य नसते.

पुण्यातल्या कंपनीत शिकाऊ उमेदवाराला सरावासाठी वेगळा सर्व्हर मिळू शकतो. सेनगावात सगळी प्रयोगशाळा त्या एका लॅपटॉपमध्येच मांडावी लागते, आणि नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन चालले तरच ती मांडता येते. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. सेनगाव ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. अशा संस्थेला शास्त्रज्ञ लागतात, तसे सर्व्हर, साठवण आणि नेटवर्क सांभाळणारे लोकही लागतात. ते जिल्ह्यातूनच तयार व्हायचे असतील तर त्यांचा सराव आज, हाताशी असलेल्या यंत्रावर व्हायला हवा.

या विषयावर मिळणारी बरीचशी मदत एकेका एरर मेसेजपुरती असते. हा मेसेज आला तर ही खूण करा, तो आला तर ते बंद करा. त्याने एखाद्याचे काम होते, दुसऱ्याचे आणखी बिघडते, कारण एकच मेसेज चार वेगळ्या कारणांनी येऊ शकतो. माझे म्हणणे सोपे आहे: दोष नेहमी सर्वांत वरच्या थरात दिसतो, पण बहुतेक वेळा तो खालच्या थरात असतो, म्हणून तपासणी खालून वर करत जावी. शेतातली मोटार चालू झाली नाही तर शेतकरी आधी डीपीवर लाइट आहे का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, आणि शेवटी मोटार बाहेर काढतो. लॅपटॉपवर मात्र शहाणी माणसेही आधी मोटारच बाहेर काढतात, म्हणजे सर्वांत आतले आभासी यंत्र पुसून पुन्हा बसवतात.

थर कोणते ते आधी पक्के करू. प्रत्यक्ष लोखंडावर चालणाऱ्या हायपरव्हायजरला एल० म्हणतात. त्याच्या आत चालणारे आभासी यंत्र, ज्यात दुसरा हायपरव्हायजर बसवलेला असतो, ते एल१. त्याच्याही आतले यंत्र एल२. केव्हीएमच्या अधिकृत कागदपत्रांतही हीच नावे आहेत, आणि अडचण कोणाला विचारताना ती वापरली तर अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

या रचनेची कल्पना लॅपटॉपपेक्षा खूप जुनी आहे. आयबीएमच्या मेनफ्रेमवर १९६०च्या दशकातच आभासी यंत्रे चालत होती. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एखादा संगणक आभासी करता येण्यासाठी त्याच्या सूचनासंचात काय असायला हवे याच्या अटी मांडल्या, आणि आभासी यंत्राच्या आत आभासी यंत्र ही शक्यताही त्याच लेखात तपासली. आपल्या लॅपटॉपमधला एक्स८६ सूचनासंच त्या अटींत बसत नव्हता. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने सूचनांचे चालता चालता भाषांतर करून वाट काढली. पुढे इंटेलने २००५च्या अखेरीस व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६मध्ये एएमडी-व्ही आणून प्रोसेसरमध्येच सोय केली. केव्हीएम लिनक्स कर्नलमध्ये आले ते २००७च्या फेब्रुवारीत, २.६.२० या आवृत्तीत.

पण प्रोसेसरमधली ही सोय एकाच पातळीपुरती आहे, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचे सगळे बिघाड याच गोष्टीतून निघतात. प्रोसेसर एका वेळी एकाच हायपरव्हायजरला ओळखतो, तो म्हणजे एल०. एल१ला वाटते की आपण हायपरव्हायजर आहोत, पण त्याने व्हीटी-एक्सची कोणतीही सूचना दिली की ताबा एल०कडे जातो आणि एल० ती सूचना एल१च्या वतीने पार पाडतो. एल२मध्ये काही घडले, समजा त्याने डिस्कला हात लावला, तर प्रोसेसर आधी एल०लाच उठवतो. एल० पाहतो की हे काम एल१चे आहे. मग तो एल१ला असे भासवतो की तुझ्या गेस्टने तुला बोलावले आहे. एल१ त्यावर काम करताना स्वतःच्या नियंत्रण-नोंदी वाचतो, लिहितो, आणि त्या प्रत्येक वाचण्या-लिहिण्यागणिक पुन्हा एल०ला उठावे लागते. एल२च्या एका मागणीसाठी खाली कितीतरी फेऱ्या होतात त्या अशा.

हे सुसह्य कसे करायचे याचे मोलाचे उत्तर हैफामधल्या आयबीएम संशोधन केंद्राच्या गटाने २०१० साली दिले. त्यांच्या कामाचे नाव टर्टल्स. एल०ने एल१साठी ठेवलेली नोंद आणि एल१ने एल२साठी ठेवलेली नोंद यांची सांगड घालून एल० तिसरीच नोंद तयार करतो आणि एल२ला थेट तिच्यावर चालवतो. स्मृतीचे पत्ते बदलणाऱ्या तक्त्यांचेही तसेच. नेहमीच्या कामांत एकपातळी रचनेच्या तुलनेत ६ ते ८ टक्क्यांच्या आत राहणारी कामगिरी त्यांनी दाखवली. त्या गटाचे काम २०११मध्ये लिनक्सच्या ३.१ आवृत्तीत आले. पुढे २०१३च्या हॅसवेल प्रोसेसरांपासून इंटेलने एल१च्या वाचण्या-लिहिण्याच्या फेऱ्या वाचवणारी सोयही दिली. त्यामुळे जुना लॅपटॉप आणि हॅसवेलनंतरचा लॅपटॉप यांवर एकच प्रयोग निराळा वाटतो, आणि सेकंड हँड यंत्र घेताना प्रोसेसरची पिढी विचारून घेण्याला अर्थ आहे.

आता तपासणीला सुरुवात. सर्वांत खाली बायोस. इंटेलच्या यंत्रात इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी आणि एएमडीच्या यंत्रात एसव्हीएम मोड या नावाची खूण असते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती बंद येते. ब्लूस्टॅक्सवर गेम खेळणाऱ्या मुलांना ही खूण ठाऊक असते, कारण ते सॉफ्टवेअरही तेच मागते. यंत्र चालू होताना बायोस ही सोय चालू किंवा बंद करून तिच्यावर कुलूप लावतो. कार्यप्रणाली सुरू झाल्यावर ते कुलूप कोणालाच उघडता येत नाही. म्हणून बदल बायोसमध्येच करायचा आणि यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचे. लिनक्सवर कर्नलच्या संदेशांत ही सोय बायोसने बंद केल्याची ओळ स्पष्ट दिसते. विंडोजवर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर व्हर्च्युअलायझेशन चालू आहे की बंद ते लिहिलेले असते.

यानंतरचा थर सर्वांत फसवा, आणि माझ्या मते विंडोजवरच्या तक्रारींचे मूळ सर्वाधिक वेळा इथेच सापडते. विंडोजमध्ये हायपर-व्ही चालू असले की ते विंडोजच्या वर बसत नाही, खाली बसते. विंडोज स्वतःच त्याच्यावर चालणारे एक विशेषाधिकारी यंत्र होते. हायपर-व्ही आपण कधी हाताने चालू केलेले नसले तरी ते चालू असू शकते. डब्ल्यूएसएल२ घेतले की येते, कारण ती लिनक्सची सोय हायपर-व्हीच्या पायावर उभी आहे. विंडोज ११च्या नव्या यंत्रांवर कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटेग्रिटी बहुधा आधीच चालू असते, तिलाही तोच पाया लागतो. मग व्हर्च्युअलबॉक्स उघडणाऱ्याला वाटते की आपण पहिला हायपरव्हायजर चालवतो आहोत. खरे तर त्याच्या खाली एक आधीच चालू असतो.

ओळखण्याच्या खुणा सरळ आहेत. कमांड प्रॉम्प्टवर सिस्टीमइन्फो चालवले आणि शेवटी हायपरव्हायजर आढळल्याची ओळ आली, तर तळाशी हायपर-व्ही आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरव्या कासवाचे चिन्ह दिसले, तर व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसर थेट मिळालेला नाही, तो हायपर-व्हीच्या मार्फत काम करतो आहे. व्हीएमवेअर वर्कस्टेशन मे २०२०च्या १५.५.५ आवृत्तीपासून हायपर-व्हीबरोबर नांदू लागले, त्याआधी ते चालूच होत नसे. पण या नांदण्याची किंमत अशी की त्या अवस्थेत वर्कस्टेशन आपल्या आतल्या यंत्राला व्हीटी-एक्स पुढे देऊ शकत नाही. प्लॅटफॉर्मवर आभासी व्हीटी-एक्स चालत नाही ही ओळ तेव्हा येते, आणि लोक बायोस उलटापालटा करत बसतात. बायोसचा तिथे काही दोष नसतो.

यावर दोन मार्ग आहेत, आणि मला दुसरा पसंत आहे. पहिला, हायपर-व्ही पूर्ण बंद करणे: विंडोज फीचर्समधल्या खुणा काढणे, मेमरी इंटेग्रिटी बंद करणे, बूटच्या नोंदीत हायपरव्हायजर सुरू होऊ नये अशी सूचना देणे. हे होते, पण त्याबरोबर विंडोजचे एक खरे संरक्षण जाते, आणि त्याच लॅपटॉपवर घरचे बँकेचे व्यवहार होत असतील तर ते फुकटचे जात नाही. शिवाय एक जागा राहून गेली तर हायपर-व्ही तसाच चालू राहतो आणि माणूस समजतो की बंद केला. दुसरा मार्ग, जो तळाशी आहे त्यालाच एल० मानून त्याच्याकडून सोय मागणे. विंडोज प्रो असेल तर हायपर-व्हीमध्येच लिनक्स यंत्र बनवून, ते बंद असताना, पॉवरशेलमधून त्याच्या प्रोसेसरला व्हर्च्युअलायझेशनची सोय पुढे देण्याची सूचना करायची. ही सोय इंटेलवर विंडोज सर्व्हर २०१६ आणि त्याच वर्षीच्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून आहे. एएमडीवर विंडोज सर्व्हर २०२२ आणि विंडोज ११पासून. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त लॅपटॉपवर बहुधा होम आवृत्ती असते आणि तिच्यात हायपर-व्हीचे व्यवस्थापन नाही. तिथेही विंडोज ११ असेल तर वाट बंद नाही: डब्ल्यूएसएल२ची नेस्टेड सोय मुळातच चालू असते, म्हणजे डब्ल्यूएसएल२मधल्या लिनक्समध्ये केव्हीएमचे उपकरण दिसते आणि त्यावर थेट आभासी यंत्र चालवता येते. एकही पैसा न घालता सुरुवात करण्याची ही वाट अधिक लोकांना माहीत व्हायला हवी.

लिनक्सच तळाशी असेल तर गोष्टी बऱ्याच उघड असतात. केव्हीएमच्या इंटेल किंवा एएमडी मॉड्यूलला नेस्टेड नावाचे पॅरामीटर आहे. सिस फाइलव्यवस्थेत त्याची किंमत वाय किंवा १ दिसली पाहिजे. डिसेंबर २०१८च्या ४.२० कर्नलपासून ते मुळातच चालू असते, जरी एखादे वितरण ते बदलू शकते. त्यानंतर प्रश्न येतो एल१ला कोणता प्रोसेसर दाखवला जातो याचा. केव्हीएमच्या जोडीने आभासी यंत्र उभे करणाऱ्या क्यूईएमयूचा जुना सर्वसाधारण प्रोसेसर-प्रकार व्हीएमएक्स दाखवतच नाही. प्रॉक्समॉक्सच्या ८व्या आवृत्तीपासूनचा मूळ प्रकारही नाही. होस्ट हा प्रकार निवडला, लिबव्हर्टमध्ये होस्ट-पासथ्रू, की एल१च्या प्रोसेसर-माहितीत इंटेलवर व्हीएमएक्स आणि एएमडीवर एसव्हीएम हे शब्द येतात. ते आले नाहीत तर एल१मध्ये पुढे काहीही करणे व्यर्थ आहे. खालीच परत यायचे.

ते शब्द आहेत, पण डेव्ह फोल्डरमध्ये केव्हीएम नावाचे उपकरण नाही, किंवा आहे पण आपला वापरकर्ता केव्हीएम गटात नाही, अशीही एक अवस्था असते. तेव्हा क्यूईएमयूला निव्वळ सॉफ्टवेअरने प्रोसेसरची नक्कल करायला सांगितलेले असेल, किंवा तसा पर्याय ठेवलेला असेल, तर तो मुकाट्याने तसेच करतो. यंत्र चालते, पण कित्येक पट मंद. हा बिघाड मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याला मेसेज नाही. शिकणारा समजतो की नेस्टेड असेच मंद असते, आणि विषय सोडून देतो. टर्टल्सचे आकडे लक्षात ठेवले तर हा समज लगेच संशयास्पद वाटेल: नेस्टेड यंत्र थोडे मंद असते, बंद पडल्यासारखे नसते.

याच्या उलटही घडते. प्रॉक्समॉक्सवर विंडोज ११ बसवून त्याला होस्ट प्रोसेसर दिला, की विंडोजला व्हर्च्युअलायझेशनची सोय दिसते आणि ते स्वतःच्या संरक्षणासाठी आत आपला हायपरव्हायजर चालू करते. आपण एकच थर मागितला होता, झाले दोन. अशा वेळी नेस्टेड नको असेल तर प्रोसेसर-प्रकार बदलून ती सोय काढून घेणे हाच उपाय.

२०२४च्या अखेरीस आणखी एक गोंधळ सुरू झाला. लिनक्सच्या ६.१२ कर्नलपासून केव्हीएम मॉड्यूल चढताक्षणी प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय ताब्यात घेते; आधी ती पहिले यंत्र चालू होईपर्यंत मोकळी असे. परिणामी लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स वापरणाऱ्यांना अचानक यंत्र चालू होत नसल्याचे दिसले. हे नेस्टेडचे प्रकरण नाही, शेजारी शेजारी दोन दावेदारांचे आहे, पण मेसेज पाहून दोन्ही सारखेच वाटतात. केव्हीएम मॉड्यूल उतरवले, किंवा कर्नलला मॉड्यूल चढताना सोय घेऊ नको असे पॅरामीटर दिले, की व्हर्च्युअलबॉक्स पूर्ववत चालतो. व्हर्च्युअलबॉक्सची स्वतःची नेस्टेड सोय एएमडीवर २०१८च्या ६.० आणि इंटेलवर २०१९च्या ६.१ आवृत्तीत आली. सेटिंगच्या खिडकीतली नेस्टेडची खूण राखाडी दिसत असेल तर तीच सूचना कमांडने देता येते.

ईएसएक्सआयबद्दल थोडक्यात. वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४पासून सर्वांना मोफत आहे, आणि ईएसएक्सआयची मोफत आवृत्ती २०२४च्या सुरुवातीला बंद होऊन एप्रिल २०२५मध्ये परत आली, त्यामुळे हा सराव पुन्हा परवडू लागला आहे. यंत्राच्या प्रोसेसर-सेटिंगमध्ये हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन गेस्टला दाखवण्याची खूण करावी लागते. प्रत्यक्ष उत्पादनात आतल्या ईएसएक्सआयला व्हीएमवेअर आधार देत नाही. व्हीसॅनचे साक्षीदार यंत्र हा ठळक अपवाद.

प्रोसेसरची बाजू सुटली की नेटवर्कची सुरू होते, आणि तिथे अनुभवी माणसेही अडकतात. एल२ चालते, त्याला आयपी मिळत नाही. किंवा मिळतो, पण बाहेर काही जात नाही. कारण समजायला सोपे आहे. एल२चे नेटवर्क कार्ड स्वतःचा मॅक पत्ता लावून पाकीट पाठवते. एल०च्या आभासी स्विचला फक्त एल१चा मॅक ठाऊक असतो. अनोळखी मॅकचे पाकीट तो टाकून देतो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने त्याने तसे करणे बरोबरच आहे. व्हीएमवेअरच्या स्विचवर त्यासाठी प्रॉमिस्क्युअस मोड आणि फोर्ज्ड ट्रान्समिट्स स्वीकारावे लागतात, व्हीस्फिअर ६.७पासून डिस्ट्रिब्युटेड स्विचला मॅक शिकण्याची सोय मिळाली, ती असेल तर प्रॉमिस्क्युअस मोडचा बोजा टळतो. हायपर-व्हीमध्ये एल१च्या नेटवर्क कार्डावर मॅक स्पूफिंगला परवानगी द्यायची, नाहीतर एल१मध्येच नॅट करून एल२ला त्यामागे ठेवायचे.

घरी आणखी एक अडथळा असतो, वायफायचा. वायफायवर अ‍ॅक्सेस पॉइंट जोडलेल्या यंत्राचाच मॅक ओळखतो. एका जोडणीमागून अनेक मॅकची पाकिटे तो सहसा घेत नाही. सेनगावात अनेकांचे नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, तिथे ब्रिज नेटवर्कचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. नॅट वापरावे. एल२मधली सेवा बाहेरून पाहायची असेल तर पोर्ट दोनदा पुढे द्यावे लागते, एकदा एल०मध्ये, एकदा एल१मध्ये; दुसरे विसरले जाते.

नॅटमध्येही एक जुना सापळा आहे. लिबव्हर्टचे मूळ नेटवर्क १९२.१६८.१२२ या मालिकेतले असते. एल०वर लिबव्हर्ट, एल१मध्येही लिबव्हर्ट, आणि दोन्हीकडे हीच मालिका. मग एल१च्या दृष्टीने बाहेरचे जाळे आणि आतले जाळे एकच दिसते, आणि पाकीट कुठे पाठवायचे ते त्याला कळेनासे होते. बसवताना काही वितरणे ही टक्कर तपासतात, पण तयार प्रतिमा एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेली की ती तपासणी झालेलीच नसते. एल१मधली मालिका बदलून १९२.१६८.१५० केली तरी पुरते. हा दोष इतका साधा आहे आणि माणसाचा इतका वेळ खातो, की नेस्टेड शिकवणाऱ्याने तो पहिल्याच तासाला सांगावा.

स्मृतीचे गणित निष्ठुर असते. आठ जीबीतले तीनेक जीबी विंडोज आणि ब्राउझरच घेतात. एल१ला चार दिले तर त्यातून एल२साठी एखाददुसरा जीबी उरतो, म्हणजे ग्राफिकल पडदा नसलेले छोटे लिनक्स. हायपर-व्हीमध्ये आतल्या यंत्रात हायपरव्हायजर चालू असला की त्या यंत्राची डायनॅमिक मेमरी चालता चालता कमीजास्त होत नाही. बदल हवा तर यंत्र बंद करावे लागते. आठ जीबीवर प्रॉक्समॉक्सचे तीन नोड उभे करायचा प्रयत्न करू नये. ज्याला जमेल त्याने रॅम वाढवावी, आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घालावी. या दोन बदलांनी जो फरक पडतो तो कोणत्याही सेटिंगने पडत नाही.

डिस्कबाबत आपल्याकडचा धोका शहरापेक्षा वेगळा आहे. लाइट जाते, लॅपटॉपची बॅटरी जुनी झालेली असते, आणि यंत्र एकदम बंद पडते. एल२ने लिहिलेला मजकूर एल१च्या कॅशमध्ये, तिथून एल०च्या कॅशमध्ये थांबलेला असू शकतो. कॅशची अनसेफ ही पद्धत वेग देते, पण ती डिस्कवर प्रत्यक्ष लिहिण्याची विनंतीच दुर्लक्षित करते. दोन्ही थरांत सोडा, एका थरात जरी ती असली तरी लाइट गेल्यावर एल२ची फाइलव्यवस्था मोडण्याची शक्यता वाढते. वेग थोडा कमी झाला तरी चालेल, ती पद्धत टाळावी, आणि बॅटरी कमी होताच लॅपटॉप आपोआप झोपी न जाता आभासी यंत्रे नीट बंद होतील अशी व्यवस्था करावी. झोपेतून उठलेल्या लॅपटॉपमध्ये एल२चे घड्याळ मागे पडलेले असते, आणि त्यापायी प्रमाणपत्रे अमान्य ठरून वेबसेवा चालत नाहीत. तेव्हाही दोष नेटवर्कचा वाटतो. आत वेळ जुळवणारे क्रोनी चालू ठेवले तर घड्याळ सावरते.

यंत्र अगदीच अपुरे असेल तर क्लाउड आहे, आणि तो आता महाराष्ट्रातच आहे. मायक्रोसॉफ्टचे सेंट्रल इंडिया हे केंद्र २०१५पासून पुण्यात आहे, अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६चे, गूगलचे २०१७चे. अझ्युअरमध्ये डीव्ही३ आणि ईव्ही३ या मालिकांपासून, म्हणजे २०१७पासून, नेस्टेड चालते. गूगलवर यंत्र बनवताना ती परवानगी मागावी लागते आणि स्वस्त ई२ प्रकारात ती मिळत नाही. अ‍ॅमेझॉनवर अनेक वर्षे त्यासाठी महागडे बेअर मेटल यंत्रच घ्यावे लागे. तासाच्या हिशेबाने घेतलेले यंत्र काम झाल्यावर बंद करायचे विसरले तर बिल चढते, म्हणून विद्यार्थ्याने खर्चाची मर्यादा आधी ठरवून ठेवावी. इथे एल० आपल्या हातात नसतो. तो नेस्टेड देतो की नाही हे विचारण्यापलीकडे काही करता येत नाही.

क्लाउडवाले ही सोय जपून का देतात, यालाही कारण आहे. नेस्टेडचा कोड गुंतागुंतीचा असतो आणि तो एल०च्या गाभ्यात चालतो. २०२१मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या फेलिक्स विल्हेल्म यांनी केव्हीएमच्या एएमडीसाठीच्या नेस्टेड भागात अशी त्रुटी दाखवून दिली, की गेस्टमधून थेट होस्टच्या कर्नलपर्यंत पोहोचता यावे. ती दुरुस्त झाली. त्याच वर्षी त्याच भागातल्या आणखी त्रुटी सापडल्या, त्याही दुरुस्त झाल्या. घरच्या सरावात याची भीती बाळगायला नको. पण कॉलेजच्या एका सामायिक सर्व्हरवर वर्गातल्या सगळ्यांना नेस्टेड उघडून द्यायचे असेल, तर कर्नल अद्ययावत ठेवणे ही अट मानावी.

एक मर्यादा अजून पूर्ण सुटलेली नाही. एल२ चालू असताना एल१ची स्थिती जतन करणे किंवा ते दुसऱ्या यंत्रावर हलवणे इंटेलवर लिनक्स ५.३ आणि क्यूईएमयू ४.२पासून जमते. एएमडीबद्दल मात्र केव्हीएमची कागदपत्रे सांगतात की एल१ने एकदा एल२ चालू केले की एल२ बंद होईपर्यंत एल१ हलवू किंवा जतन करू नये. आज अनेक स्वस्त लॅपटॉप एएमडी रायझनचे आहेत. त्यांवर आधी एल२ बंद करावे आणि त्यानंतरच एल१चा स्नॅपशॉट घ्यावा. एल२ चालू असताना घेतलेला स्नॅपशॉट परत लावल्यावर यंत्र कोसळले तर डिस्कला दोष देऊ नये.

आणि एवढे करूनही एल२ उठत नसेल, तर मदत मागण्याआधी पुढील गोष्टी एका फाइलमध्ये गोळा कराव्यात: एल० आणि एल१ या दोन्हींवरच्या कर्नल, क्यूईएमयू आणि लिबव्हर्टच्या आवृत्त्या, दोन्हींकडची प्रोसेसर-माहिती, दोन्हींकडचे कर्नलचे संदेश, आणि एल१ तसेच एल२ ज्या पूर्ण कमांडने सुरू झाले त्या कमांड. विंडोज तळाशी असेल तर तिची आवृत्ती आणि सिस्टीमइन्फोची शेवटची ओळ. केव्हीएमचे विकासकही हेच मागतात, आणि बऱ्याचदा ही माहिती गोळा करताना, एल१च्या प्रोसेसर-माहितीत व्हीएमएक्स नाही हे पाहून, विचारणाऱ्यालाच उत्तर सापडते.